आवाज थांबला, दोष उरला

घरात जे मूल रडते त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. तापाने निपचित पडलेले मूल मात्र कधी कधी उशिरा ध्यानात येते. मोटारीचेही असेच असते, हा धडा मला गेल्या हिवाळ्यात बालाघाटच्या रस्त्यांनी दिला.

आमच्याकडे चार वर्षांपूर्वी विजेवर चालणारी मोटार आली. आठवड्यातून दोनदा गोंदिया, आणि पाहुणे आले की उकवा-बैहरच्या घाटरस्त्याने कान्हाच्या मुक्की फाटकापर्यंत, असा तिचा क्रम. एके दिवशी पुढच्या डाव्या चाकाकडून ‘टक-टक’ असा आवाज येऊ लागला. पेट्रोलच्या गाडीत तो इंजिनाच्या घरघरीत बुडून गेला असता. विजेची गाडी मुकाट धावते, म्हणून लहानसा खडखडाटही कानी पडतो. मागे बसलेल्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, चाक एकदा दाखवून घ्या. सोबत म्हातारी माणसे असतात.”

दाखवायचे कोणाला, हाच प्रश्न होता. शेजाऱ्यांनी मोटर गेल्याचे निदान केले. मोठ्या शहरातील एका कार्यशाळेने गाडी न पाहताच पुढचे सगळे बदलण्याचा सल्ला फोनवर दिला. आणि आमचे नेहमीचे मिस्त्री म्हणाले, “काका, या गाडीला हात लावायची भीती वाटते. करंट लागला तर?”

ही भीती अनाठायी होती. गाडीच्या पुढच्या चाकावर उभा असतो तो स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि तिच्या पोटातला शॉकअप यांचा एक खांब. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याची ही रचना १९५० साली इंग्लंडमधील फोर्ड कॉन्सल व झेफिर या गाड्यांत आली. आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० मध्येही तीच होती. आमच्या मिस्त्रींनी असे खांब आयुष्यभर बदलले आहेत. त्यांत विजेचा संबंध नाही. स्प्रिंग धक्का झेलते, पण एकटी असली तर पाळण्यासारखी झुलतच राहते. तो झोका आवरणारा हात म्हणजे शॉकअप. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि त्या अडथळ्याने झोका विरतो. तेल गळाले की हात सुटला!

मिस्त्रींनी गाडी उचलून तपासली. स्टॅबिलायझरला जोडणारा लिंक रॉड ढिला निघाला. तो स्वस्तातला भाग बदलताच आवाज बंद झाला. आम्ही निश्चिंत झालो. आणि चूक झाली ती इथेच.

पंधरा दिवसांनी बैहरहून उतरताना वळणावर एक गाय आडवी आली. ब्रेक दाबताच गाडीने नाक जमिनीकडे खुपसले, पुढचे चाक खड्ड्यांवर उड्या मारू लागले, आणि गाडी थांबली ती गाईपासून हातभर अंतरावर. मागे आई बसली होती. चाक रस्ता सोडून उडत असेल, तर ब्रेक कितीही चांगला असो, तो पकडणार कशाला?

घरी येऊन पुन्हा तपासणी केली. वाचकांनीही ती करून पाहावी. गाडीचा कोपरा दोन-तीनदा जोराने दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. आमची आणखी दोनदा झुलली. मग टायरवरून तळहात फिरवावा. ठराविक अंतराने उंचसखलपणा लागला, तर चाक उडत असल्याची ती खूण. शेवटी स्ट्रटची नळी पाहावी. नुसता ओलसरपणा असेल तर घाबरू नये, पण तेलाचा ओघळ येऊन त्यावर धूळ थापली गेली असेल तर आयुष्य संपले समजावे. आमच्या डाव्या नळीवर असाच थर होता.

बदलायचे ते दोन्ही बाजूंचे एकदम, नाहीतर गाडी एका अंगाला कलते. दुकानदाराने त्याच गाडीच्या पेट्रोल प्रकाराचे स्ट्रट पुढे केले. दिसायला सारखेच, किंमतही कमी. पण विजेची गाडी बॅटरीच्या भाराने बरीच जड असते व तिच्या स्प्रिंगा त्या बेताच्या असतात. म्हणून क्रमांक जुळवूनच माल मागवला. जॅक लावला तो कडेच्या नेमल्या जागी. पोटाखाली बॅटरी असते, तिथे कदापि लावू नये. नारिंगी वेष्टणाच्या जाड तारा उच्च दाबाच्या. त्यांच्या वाटेला जाण्याचे कारणच पडले नाही. ब्रेकची नळी व चाकाच्या सेन्सरची तार आधी सोडवली, आणि चाकामागचा भाग तारेने बांधून ठेवला, म्हणजे त्याचा भार नळीवर येत नाही.

खरा धोका विजेत नव्हता, स्प्रिंगेत होता. शिकंजाने स्प्रिंग आवळल्याशिवाय वरचा मधला नट सोडला, तर ती गोळीसारखी सुटते व जीव घेऊ शकते. मिस्त्रींनी हे काम मुलाला करू दिले नाही, स्वतः केले. वरचे रबर आणि बेअरिंगही नवे घातले. दुसऱ्या दिवशी गोंदियाला जाऊन चाकांचे अलाइनमेंट करून घेतले; त्यावाचून नवे टायर पुन्हा झिजले असते.

आता मिस्त्रींची भीती गेली आहे. माझी मात्र थोडी वाढली आहे, आणि ती असावी. कुरकुरणारा लिंक रॉड निरुपद्रवी होता. गळणारा शॉकअप मुकाट होता. आवाज थांबला म्हणून गाडी बरी झाली असे मानू नये. दर दहा हजार किलोमीटरला नळीवर एक नजर आणि टायरवरून एक हात फिरवावा. घाट उतरताना मागे आपलीच माणसे बसलेली असतात.