स्पीकर कुठे ठेवायचे? आधी अम्मी कुठे बसतात ते पाहा

गेल्या बकरी ईदला आमचे धाकटे बंधू पुण्याहून टेंभुर्णीला आले, ते एक भला मोठा खोका घेऊनच. आत होम थिएटर होते. पाच लहान स्पीकर, पेटीसारखा एक वूफर, ॲम्प्लिफायर आणि वायरींची भेंडोळी. मुलांचा आनंद घरात मावेना. तासाभरात सगळे जोडून झाले. जोडून झाले म्हणजे काय, तर जिथे जागा दिसली तिथे एकेक स्पीकर बसला. दोन शोकेसवर चढले. मधला शोकेसच्या काचेआड, मुलांना शाळेत मिळालेल्या कपांच्या मागे गेला. पाठीमागचे दोन, वायर पुरेना म्हणून, टीव्हीच्याच भिंतीवर खिळ्याला लटकले. वूफर कोपऱ्यात, शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीला टेकवला.

त्या रात्री इशानंतर सगळे घर टीव्हीपुढे जमले. अम्मी नेहमीप्रमाणे दिवाणावर बसल्या. थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आवाज तो भोत है, मगर क्या बोल रै समजताच नै." मुले हसली आणि त्यांनी आवाज आणखी वाढवला. आम्हीही हसलो.

आठ दिवसांनी धाकट्या मुलीने विचारले, "दादी आता इथे का बसत नाहीत?" तेव्हा आमच्या लक्षात आले, की अम्मी इशानंतर तसबीह घेऊन आतल्या खोलीत बसतात आणि तिथेच झोपी जातात. त्याच आठवड्यात शेजारच्या चाची मेथीची भाजी घेऊन आल्या. जाता जाता उंबऱ्यावर थांबून हळूच म्हणाल्या, "बेटा, रात को हमारे अलमारी के कपां बजते. बच्ची का दसवी का साल है ना." आठ दिवस त्यांनी केवळ लिहाजापोटी तोंड उघडले नव्हते. एका खोक्याने घरातले एक माणूस आतल्या खोलीत गेले होते आणि भिंतीपलीकडचे एक घर जागे राहिले होते. खोक्याचा यात काही दोष नव्हता. आम्ही तो लावला कसा, हा प्रश्न होता.

आम्ही भाषेचे शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. ध्वनी हा आमचा विषय नव्हे. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना रविवारी चहाला बोलावले. ते मोजपट्टी आणि सुतळी घेऊन आले. आम्हाला वाटले, आधी स्पीकर बघतील. त्यांनी विचारले, "अम्मी कुठे बसतात?"

सगळे गणित या एका प्रश्नात आहे. पूर्वी जत्रेत तंबूतले टॉकीज येई, तेव्हा पडद्याजवळ भोंगा असे आणि सगळा आवाज तिथूनच येई. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला, तेव्हा मोठ्या शहरांतल्या मोजक्या थिएटरांत तो ७० मिमी पडद्यावर आणि स्टिरिओफोनिक आवाजात दाखवला गेला. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक चालला. नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक आपल्याच खुर्चीखाली वाकून बघत, असे त्या काळचे लोक अजून सांगतात. हा आवाज कुठून कुठे जावा, हे आधी ठरवणारा एक माणूस असतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून १९९५ साली बाहेर पडलेले रसूल पूकुट्टी यांना 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले, ते याच कामासाठी. हे लोक मध्ये बसलेला श्रोता डोळ्यांपुढे ठेवून आवाज वाटतात. घरात तो मधला माणूस कोण, हे आपण ठरवायचे. आम्ही ठरवले, अम्मी.

आता खोक्यावर लिहिलेल्या ५.१ या आकड्याचा अर्थ. समोर डावा, मधला आणि उजवा असे तीन, मागच्या बाजूचे दोन, हे झाले पाच. बिंदूनंतरचा एक म्हणजे वूफर. माणसाचा कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. वूफरसाठी वेगळी ठेवलेली वाहिनी फक्त सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जाची असते. म्हणून तिला पूर्ण सहावी न मोजता बिंदू-एक म्हणतात.

आमची बैठकीची खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब. सरांनी समोरचे दोन स्पीकर शोकेसवरून उतरवले आणि टीव्हीच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून सात फुटांवर ठेवले. मग सात फुटांची सुतळी एका स्पीकरला लावली, तेवढीच दुसऱ्याला लावली आणि दोन्ही टोके जिथे जुळली तिथे अम्मींचे डोके यावे असा दिवाण सरकवला. समभुज त्रिकोण झाला. म्हणजे समोरून प्रत्येक स्पीकर ३० अंशांवर आला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारसही हीच आहे. दिवाण मागच्या भिंतीपासून सुटला, हा दुसरा फायदा. डोके भिंतीला टेकलेले असेल, तर भिंतीवरून परतणारा आवाज कानात मिसळतो आणि खर्ज फुगतो.

मधला स्पीकर कपांच्या मागून बाहेर काढला आणि टीव्हीच्या खाली, शोकेसच्या अगदी कडेला आणला. खाली लाकडाची पाचर देऊन त्याचे तोंड किंचित वर, अम्मींच्या चेहऱ्याकडे केले. चित्रपटात आणि मालिकेत माणसे जे बोलतात, त्यातले बहुतेक याच स्पीकरमधून येते. आम्ही त्यालाच काचेआड कोंडले होते.

इथे मात्र आमचा भाषेचा धडा उपयोगी पडला. इमला घालताना मागच्या बाकावरची मुले 'कल'चे 'फल' लिहितात, 'काम'चे 'घाम' लिहितात. स्वर पोचतो, व्यंजन पोचत नाही. स्वर जोरकस असतात. स, श, फ, त, क ही व्यंजने मुळात हलकी आणि बारीक आवाजाची, आणि शब्द कोणता ते बहुधा तीच ठरवतात. वयाबरोबर कान आधी हेच बारीक, उंच आवाज गमावतो. म्हणून अम्मींना आवाज भरपूर येत होता, पण शब्द येत नव्हता. आम्ही आवाज वाढवला की स्वर वाढत, वूफरची धडधड वाढे, आणि व्यंजने त्याखाली आणखी दबून जात. अम्मींची तक्रार शब्दशः खरी होती. हसण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

इलाज सोपा निघाला. ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. मधल्याचा तीन डेसिबलने वाढवला, वूफरचा कमी केला आणि एकूण आवाज खाली आणला. 'नाइट मोड' नावाचे बटण असेल तर तेही दाबावे. त्याने कुजबुज आणि स्फोट यांतला फरक कमी होतो, म्हणजे रिमोट हातात धरून बसावे लागत नाही.

मागच्या दोन स्पीकरांसाठी वायर आणावीच लागली. हे स्पीकर पाठीमागे नव्हे, तर बसणाऱ्याच्या दोन बाजूंना आणि किंचित मागे असावेत, समोरून मोजले तर साधारण ११० अंशांवर. आमच्या खोलीत ते बाजूच्या भिंतींवर, अम्मींच्या कानाच्या रेषेपासून पावणेदोन फूट मागे आले. समोरचे स्पीकर कानाच्या उंचीला असावेत, हे मात्र कानापेक्षा फूट-दीड फूट वर. मुले खाली सतरंजीवर बसतात, त्यांनाही मग एकाच बाजूचा आवाज कानाशी ओरडल्यासारखा वाटत नाही. वायर भिंतीच्या कडेने, खिळेपट्टीत बसवून न्यावी. सतरंजीखालून नेली तर आज ना उद्या कोणाचा तरी पाय अडकतो. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला हेही नीट पाहावे. एका स्पीकरला उलटे लागले तर आवाज पोकळ होतो, खर्ज नाहीसा होतो, आणि आपण दोष यंत्राला देत बसतो.

खोली अरुंद असल्याने हे दोन स्पीकर सव्वापाच फुटांवरच आले, समोरचे सात फुटांवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे एक फूट जायला त्याला साधारण एक हजारांश सेकंद लागतो. एवढासा फरक कोणाला कळणार, असे आम्ही म्हणालो. कानाला कळतो. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो आधी पोचतो त्याच बाजूने तो आला असे कान मानतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली यावर प्रबंध लिहिला. म्हणून ॲम्प्लिफायरच्या यादीत 'डिस्टन्स' असते. तिथे प्रत्येक स्पीकरचे खरे अंतर मोजून भरावे. जवळच्या स्पीकरला यंत्र स्वतःच थोडे थांबवते.

इतके करूनही आवाज घुमत होता. खाली फरशी, वर स्लॅब, भिंती उघड्या. विजापूरच्या गोलघुमटात सहलीला गेलेल्यांना हे सांगायला नको. मुहम्मद आदिलशहाच्या त्या कबरीवरच्या घुमटात एका बाजूला पुटपुटलेले पलीकडच्या बाजूला ऐकू येते आणि टाळी पुन्हा पुन्हा परत येते. तिथे ते नवल आहे. बैठकीच्या खोलीत तीच खोड शब्द पुसून टाकते. आम्ही खिडकीला जाड पडदा लावला, फरशीवर सतरंजीखाली एक जुनी गोधडी अंथरली आणि पुस्तकांचे उघडे कपाट दिवाणामागच्या भिंतीला आणले. खर्च झाला तो पडद्याचा. आवाज असा निवळला, की सर म्हणाले, "हे आधी केले असते तर अर्धे काम झाले होते."

राहिला वूफर, आणि चाचींचे कप. खर्जाची लाट लांब असते. ५० हर्ट्झची लाट सुमारे सात मीटरची, आमच्या खोलीच्या लांबीहूनही मोठी. त्यामुळे खर्ज कोणत्या बाजूने येतो ते कानाला नीट कळत नाही, म्हणजेच वूफर कुठेही ठेवायची मोकळीक मिळते. पण त्याच लाटा भिंतीतून पलीकडे सहज जातात आणि कोपऱ्यात ठेवल्यावर जास्तच फुगतात. म्हणून वूफर सामाईक भिंतीपासून हलवून रस्त्याकडच्या बाजूला, कोपऱ्यापासून दोन-अडीच फूट दूर आणला आणि खाली रबराचा जाड तुकडा दिला. नेमकी जागा शोधायची एक युक्ती आहे. वूफर थोडा वेळ आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा आणि आपण खोलीभर खाली वाकून फिरायचे. जिथे खर्ज भरदार पण स्वच्छ ऐकू येईल तिथे वूफर ठेवायचा. सर आणि आम्ही गुडघ्यांवर रांगत फिरलो, तेव्हा मुलांनी पोट धरून हसून घेतले.

मग मुलीला चाचींकडे पाठवले. कपाटाला हात लावून बघ, असे सांगितले. तिने परत येऊन सांगितले, "कपां नै बजते." तरी आम्ही घरात एक नियम केला. रात्री दहानंतर वूफर बंद. कायद्यातही, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार, निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि दिवसा ५५. पण शेजाऱ्याचा हक्क काय असतो, हे आपल्या घरांत कायद्याच्या आधीपासून शिकवले जाते. भिंतीपलीकडे परीक्षेचे मूल, तान्हे बाळ किंवा आजारी माणूस आहे का, हे स्पीकर लावण्यापूर्वीच विचारून घ्यावे. त्यांनी येऊन सांगायची वाट पाहू नये. लिहाज करणारे शेजारी सांगत नाहीत.

आणखी एक सूचना. किरअत, नात किंवा बयान ऐकताना पाचही स्पीकर लावू नयेत. ही ध्वनिमुद्रणे बहुतेक दोनच वाहिन्यांची असतात. 'ऑल चॅनल' केले तर एकच आवाज चारी बाजूंनी येतो आणि शब्द धूसर होतो. तेव्हा 'स्टिरिओ' करावे आणि समोरचे दोनच चालू ठेवावेत. क्रिकेटच्या सामन्यात मात्र मागच्या दोघांतून मैदानातला गलका येऊ द्यावा, त्यात मजा आहे.

आणि हेही लिहून ठेवतो, की स्पीकरची जागा हे कानाचे औषध नव्हे. त्या महिन्यात आम्ही अम्मींना जालन्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही कानांची तपासणी झाली, बारीक आवाज कमी ऐकू येतात हे कागदावर दिसले, आणि आता यंत्र बसवायचे ठरले आहे. घरातले कोणी वडीलधारे "आवाज आहे, पण समजत नाही" असे म्हणत असतील, तर हसू नका आणि आवाज वाढवू नका. तपासणी करून घ्या.

त्या रविवारी रात्री आम्ही टीव्ही लावला. पूर्वी रिमोटवर आकडा ३४ असे, तो १८ वर होता. अम्मींना आतून बोलावून आणले. बातम्या चालू होत्या. त्या दिवाणावर बसल्या, थोडा वेळ ऐकले आणि निवेदिकेने एक वाक्य चुकीचे वाचले तशी म्हणाल्या, "ये क्या पढ़ रई, इसकू कोई सिखाया नै क्या?"

आता त्या रोज इशानंतर तिथेच बसतात. दिवाण मात्र कोणी हलवायचा नाही. पायांच्या जागी फरशीवर आम्ही खडूने खुणा करून ठेवल्या आहेत.