गावचे संग्रहालय आणि आपण

‘संग्रहालय’ हा शब्द कानी पडताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबई-कलकत्त्याच्या भव्य इमारती, रत्नजडित तलवारी आणि राजेमहाराजांची तैलचित्रे उभी राहतात. त्या मानाने लहान गावच्या संग्रहालयात पाहावयाचे ते काय? चार भग्न मूर्ती, काही झिजलेली नाणी आणि वाचता न येणारे दगड! तसेच, गावचे इतिहास मंडळ म्हणजे सेवानिवृत्त गृहस्थांचा फावल्या वेळचा विरंगुळा, असाही एक समज आहे. हे दोन्ही समज निराधार आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. गावचे संग्रहालय हे करमणुकीचे स्थान नव्हे. गावाने आपल्याविषयी जे काही सांगितले त्याची साक्ष तपासण्याचे ते ठिकाण होय. आणि ही साक्ष टिकविण्याचे काम थोड्या विद्वानांचे नसून आपणां सर्वांचे आहे.

आपल्या धारवाडचेच उदाहरण घ्या. विजयनगरच्या राज्यातील धारराव नावाच्या अधिकाऱ्याने १४०३ साली येथे किल्ला बांधला व त्याच्या नावावरून गावास धारवाड हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. मुंबई सरकारच्या १८८४ च्या गॅझेटियरनेही या लोकपरंपरेची नोंद घेतली. कथा ऐकावयास गोड आहे. परंतु बाराव्या शतकातील शिलालेखांत धारवाडचे नाव आढळते! जो पुरुष पंधराव्या शतकात झाला, त्याच्यावरून तीनशे वर्षांपूर्वीच्या गावास नाव कसे मिळणार? आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी मान्य केलेली गोष्ट एका मूक दगडाने खोटी ठरविली. गावकरी एकमेकांची भीड धरतात, दगड कोणाचीच धरीत नाही. म्हणून तो जपावयाचा.

हे महत्त्व येथील जुन्या पिढीने चांगले ओळखले होते. १८९० साली रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. त्या काळी या भागातील शाळा-कचेऱ्यांत मराठीचा वरचष्मा होता आणि कन्नड भाषा आपल्याच घरी परकी झाली होती, हे मराठी वाचकांनी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पुढे आलूर वेंकटराव यांनी १९१४ साली कर्नाटकाच्या इतिहासाच्या संशोधनासाठी मंडळ उभारले. वेंकटरावांचे उच्च शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले होते आणि लोकमान्यांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ त्यांनीच कन्नडात नेला. पुण्यात राजवाडे व मेहेंदळे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली होती. म्हणजे दोन शेजारी भाषांत एकच तळमळ एकाच काळात जागी झाली. १९३९ साली मुंबई सरकारने धारवाड येथे कन्नड संशोधन संस्था स्थापन केली. शिलालेखांचे वाचन आणि प्रकाशन करणाऱ्या या संस्थेचे संग्रहालय आहे, व ती पुढे कर्नाटक विद्यापीठाकडे आली.

येथे कोणी विचारील, “हा सारा कन्नड इतिहास, आम्हां मराठी शाळेतील मुलांना त्याचे काय?” हा प्रश्न उघडपणे विचारला जात नसला, तरी तो मनात असतो, हे आम्ही जाणतो. आम्ही घरी कोकणी बोलतो, वर्गात मराठीत शिकवितो आणि बाजारात कन्नडात व्यवहार करतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर देण्याचा थोडा अधिकार आम्हांस असावा. धारवाडजवळच्या नरेंद्र गावी इ. स. ११२५ च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यात गोव्याच्या कदंब राजांची वंशावळ व त्यांचे पराक्रम वर्णिलेले आहेत. कोकण किनाऱ्यावरील राजघराण्याची हकीकत घाटमाथ्यावरच्या कन्नड लेखात सापडावी, यात नवल नाही. कारण त्या राजांची सत्ता घाटाच्या दोन्ही अंगांना होती, आणि त्यांच्यापैकी दुसऱ्या जयकेशीची राणी मैलालदेवी ही चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याची कन्या होती. कोकणी माणसाला आपल्या पूर्वजांचा इतिहास जाणावयाचा असेल, तर त्याला कन्नड दगडापुढे उभे राहावे लागते! मराठीचेही तेच. गावोगावी आपण ज्यांना वीरगळ म्हणतो, ज्यांच्या खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा कोरलेली असते, त्यांचे हे नावच कन्नड आहे; ‘कल्लु’ म्हणजे दगड. आजच्या सीमा नकाशावर आहेत, त्या दगडांवर नाहीत.

आता संग्रहालयाच्या खऱ्या मर्माकडे वळू. वस्तूचे मोल तिच्या धातूत नसते, ती कोठे व कशी सापडली या नोंदीत असते. कोल्हापूरचे उदाहरण बोलके आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत समुद्रदेव पोसायडन याची कांस्याची छोटी मूर्ती मिळाली, आणि ती आज तेथील टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे. ही मूर्ती ब्रह्मपुरीत मिळाली हे ठाऊक असल्यामुळेच ती सांगते की, दोन हजार वर्षांपूर्वी या दख्खनच्या गावाचा व्यापार पार भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचला होता. तीच मूर्ती एखाद्या जुन्या बाजारात विकावयास आली असती, तर एक परदेशी खेळणे यापलीकडे तिचा अर्थ उरला नसता. ब्रह्मपुरीच्या पुराणवस्तूंकडे लक्ष वेधणाऱ्यांत प्रा. के. जी. कुंदणगार अग्रभागी होते. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात कन्नडचे अध्यापक होते, हेही मुद्दाम ध्यानी घ्यावे.

काही सुज्ञ मंडळी म्हणतात की, लहान गावांत पैसा नाही, माणसे नाहीत. तेव्हा महत्त्वाच्या वस्तू मोठ्या शहरांतच सुरक्षित राहतील. या म्हणण्यात तथ्य आहे. कुलूप गंजलेले, छप्पर गळके आणि नोंदवही हरवलेली अशी स्थिती असेल, तर ताडपत्राची पोथी तेथे ठेवणे हा अपराधच ठरेल. नाजूक व दुर्मीळ वस्तू जेथे नीट जपल्या जातील तेथेच जाव्यात. परंतु सगळेच शहरात गेले, तर गावातील मुलाने आपल्या भूतकाळाला हात कोठे लावावा? यावर उपाय गावचे संग्रहालय बंद करणे हा नसून त्याची नोंदवही नीट ठेवणे हा आहे. दर वर्षी आमच्या सहली दूरदूरच्या स्थळांना जातात, जाव्यातही. पण वर्षातून एक तास गावच्या संग्रहालयास आणि एक तास उणकलच्या चंद्रमौळेश्वर मंदिरासारख्या जवळच्या वास्तूस देता येत नाही, हे आम्हांस पटत नाही.

विद्यार्थ्यांकडून आम्ही मोठ्या त्यागाची अपेक्षा करीत नाही. शिलालेखावर खडूने रेघोट्या ओढू नका, त्याला तैलरंग फासू देऊ नका. लेखाचा ठसा कसा घेतात ते जाणत्यांकडून पाहून घ्या: धुतलेल्या दगडावर ओला कागद पसरून तो ब्रशाने ठोकतात, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत शिरतो, मग शाईचा बोळा फिरविला की भोवताल काळे होते आणि अक्षरे पांढरी उमटतात. शेतात जुने नाणे मिळाले तर चिंचेने घासून लखलखीत करू नका. त्या चकाकीबरोबर त्यावरची अक्षरेही जातात. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे हे कायद्याने बंधनकारक आहे. दगड उचलून घरी आणू नका. तो आहे तेथेच राहू द्या, फोनवर त्याचे छायाचित्र घ्या, आणि गाव, जागा व तारीख वहीत टिपून ठेवा.

पालकांना एक विनंती. अनेक मराठी व कोकणी घरांच्या माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी पडून असतात. मोडी वाचणारी पिढी ओसरत आहे, आणि वाचता येत नाही म्हणून कागद रद्दीत जातात. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने जे बावीस खंड प्रसिद्ध केले, त्यांतील कितीतरी पत्रे अशाच वाड्यांच्या कोनाड्यांतून आलेली होती. त्यांत केवळ स्वाऱ्या व तह नाहीत. देणीघेणी आहेत, वतनाचे तंटे आहेत, सामान्य माणसांची नावे आहेत. तुमच्या गाठोड्यात मूळ कागद ठेवून घ्या, हरकत नाही. पण त्याची प्रत जाणकारांच्या हाती जाऊ द्या.

ज्या गावाला आपला इतिहास ठाऊक नसतो, त्याला कोणीही कोणतीही कथा सांगावी आणि त्याने ती मुकाट्याने मानावी, अशी त्याची अवस्था होते. अशा कथांवरून शेजारी शेजाऱ्याशी भांडतो, भाषा भाषेशी भांडते. अशा वेळी नोंद ठेवलेला एक दगड आणि तो वाचू शकणारी चार मुले गावाजवळ असली, तर निदान खऱ्याखोट्याचा निवाडा करता येतो. ती मुले आपल्या शाळेतून निघावीत, एवढीच आमची इच्छा आहे.