भात लावणीचे यंत्र भाड्याने द्यायचे? ठाणे-कल्याणच्या शेतकरी कुटुंबांनी आधी एकर मोजावेत

जुलै उजाडला की भिवंडी, पडघा, कल्याण, मुरबाडकडच्या गावांतून एकच रडगाणे ऐकू येते. रोप तयार आहे, चिखलणी झाली आहे, पण लावणीला माणूस नाही. आता असे पाहा, भिवंडीच्या गोदामांत बारा महिने काम मिळते, डोक्यावर छप्पर असते, पगार महिन्याला ठरलेला असतो. मग गुडघाभर चिखलात, पावसात भिजत, कमरेत वाकून पंधरा-वीस दिवसांच्या कामाला कोण येणार? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून आदिवासी बायका-माणसे येतात, पण त्यांना त्याच आठवड्यात चार गावांची बोलावणी असतात.

यातूनच आपल्या समाजातली काही पोरे गेल्या वर्षापासून विचारू लागली आहेत, की भात लावणीचे यंत्र घेऊन गावात भाड्याने फिरवले तर? शेत तर आपले पडून आहे, बाप-चाचांना जमत नाही, आखातातून परत आलेल्या भावाकडे थोडी जमा आहे. धंदा हलाल आहे, गावात गरज आहे. मग अडचण काय? अडचण हिशोबात आहे, म्हणून आम्ही तो इथे कागदावर मांडतो आहोत.

आधी बातमीचा भाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या यंत्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दुकानदार हे सांगतोच. तो एक गोष्ट सांगत नाही. शेतीची यंत्रे भाड्याने देण्याच्या सेवेवर जीएसटी नाही, ती माफ आहे. ऐकायला छान वाटते, पण सेवा माफ असली की खरेदीवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. म्हणजे भाड्याच्या धंद्यात तो कर पूर्वीही खिशातूनच जात होता आणि आताही जाणार. त्यामुळे ही कपात खरोखर आपल्या खिशात पडते. तीन लाखांच्या यंत्रावर आधी ३६,००० लागत, आता १५,०००. म्हणजे २१,००० रुपये वाचले. चांगलेच आहे, पण एवढ्यावर धंदा ठरत नाही.

यंत्र काय मागते, ते आधी समजून घ्या. आपल्याकडे चालण्याजोगे यंत्र म्हणजे मागून चालत ढकलायचे, चार ओळींचे. बसून चालवायचे सहा-आठ ओळींचे यंत्र पंजाब-हरियाणाच्या मोठ्या शेतांसाठी ठीक, आपल्या खाचरात ते वळणारही नाही. चार ओळींच्या यंत्रात दोन ओळींमधले अंतर साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत सव्वा मीटरच्या आत-बाहेर पट्टा लागतो. मोकळ्या, सपाट, मोठ्या शेतात दिवसाला अडीच एकरांपर्यंत काम होऊ शकते. पण आपले खाचर पाच गुंठ्यांचे, बांध वाकडा, शेजारचे खाचर हातभर खाली. दीडशे किलोच्या वरचे यंत्र दर वेळी फळी टाकून बांधावरून उतरवायचे, प्रत्येक टोकाला वळवायचे, कोपरे मग हातानेच लावायचे. अशा जागी दीड एकर झाला तरी खूप.

दुसरी मागणी रोपाची. आपण राब भाजून वाफ्यावर पेरतो, तीन-साडेतीन आठवड्यांनी रोप उपटतो, मुठी बांधतो. हे रोप यंत्राला चालत नाही. त्याला चटईसारखे रोप लागते. ट्रेमध्ये किंवा प्लास्टिकच्या कागदावर लाकडी चौकट ठेवून चाळलेली माती आणि शेणखत पसरायचे, मोड आलेले बियाणे दाट टाकायचे. एकरी १० ते १५ किलो बियाणे, ट्रे वापरले तर एकरी ८० ते १०० ट्रे. पंधरा ते वीस दिवसांत रोप लावायला हवे. पुढे गेले की मुळे गुंतून बसतात, रोप उंच होते आणि यंत्राची बोटे ते नीट उचलत नाहीत. शिवाय चिखलणी केल्यावर एक-दोन दिवस गाळ बसू द्यावा लागतो, शेतात पाणी दोन-तीन सेंटिमीटरच हवे. ठाण्याच्या जुलैत पाणी दोन-तीन सेंटिमीटर ठेवायचे! ज्याने मुसळधार पाहिली आहे त्याला हसू येईल.

मात्र चटई रोपाचा एक फायदा आहे. २०२५ मध्ये मुंबईत पावसाळा २६ मे रोजीच दाखल झाला, नोंदींमध्ये इतका लवकर कधी आला नव्हता. असा पाऊस आला की वाफसा मिळत नाही आणि राबावरची पेरणी अडते. चटई रोप अंगणात, ओट्यावर, शेडखाली होते. त्याला वाफशाची वाट पाहावी लागत नाही.

आता पैसा. खालचे आकडे आम्ही नमुन्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही हीच बेरीज पुन्हा करा. यंत्र तीन लाखांचे, कर धरून ३,१५,०००. अनुदान समजा १,२५,००० मिळाले. आपले गुंतले १,९०,०००. सात वर्षांनी यंत्र ५०,००० ला गेले असे धरले, तर १,४०,००० ची झीज, म्हणजे वर्षाला २०,०००. लावणीचा हंगाम महिनाभराचा, पण अतिवृष्टीचे दिवस, बिघाड आणि जुम्मा वजा केला तर कामाचे वीस दिवस हाती राहतात. रोज चालक ९०० आणि दोन मदतनीस ६०० प्रमाणे, म्हणजे २,१००. वीस दिवसांचे ४२,०००. पेट्रोल रोज ५०० धरले तर १०,०००. टेम्पोने या गावातून त्या गावात न्यायला १०,०००. दुरुस्ती आणि सुटे भाग १०,०००. हा सगळा चालता खर्च ७२,००० झाला. झीज मिळवली की ९२,०००.

आणि भाडे किती मिळेल? इथे आपली मर्जी चालत नाही. हाताने लावणीला एकरी साधारण अकरा माणसे धरा, ५०० रुपये रोज, म्हणजे ५,५००. शेतकरी यंत्राला यापेक्षा जास्त कशाला देईल? भाताचा हमीभाव २०२५-२६ च्या खरिपाला साधारण भातासाठी क्विंटलला २,३६९ रुपये. एकरी १२ क्विंटल आले तरी हातात २८,००० च्या आसपास, म्हणजे नुसत्या लावणीत त्याचा पाचवा हिस्सा जातो. चटई रोपाचा खर्च एकरी १,५०० धरला, तर यंत्राचे भाडे ३,००० च्या वर नेणे अवघड. तेव्हा शेतकऱ्याला एकूण ४,५०० पडतात आणि हजार वाचतात. हजार वाचले नाहीत तर तो जुन्या रीतीला चिकटून राहील, आणि त्यात त्याचे चुकत नाही.

३,००० भाड्याने ९२,००० भरून काढायला जवळपास ३१ एकर लागतात. दिवसाला दीड एकर झाला तर वीस दिवसांत ३० एकर. म्हणजे वर्षभराच्या उठाठेवीनंतर खिशात शून्य, उलट दोन हजार गेले. हेच यंत्र सलग, सपाट जागेत दिवसाला अडीच एकर चालले तर ५० एकर होतात, उत्पन्न १,५०,००० आणि सगळे वजा जाता ५५,००० च्या आसपास उरतात, दुरुस्ती थोडी वाढली तरी. अनुदान मिळाले नाही तर झीज वर्षाला ३८,००० च्या घरात जाते आणि तोंडमिळवणीलाच ३७ एकर लागतात. मालक स्वतः यंत्राच्या मागे चालला तर चालकाचे १८,००० घरात राहतात. लहान धंद्याला खरे वाचवते ते हेच. मालक कल्याणला फ्लॅटमध्ये आणि यंत्र गावात पगारी माणसाच्या हाती, असे करणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

तर मुद्दा यंत्राच्या किमतीचा कमी आणि सलग एकरांचा जास्त आहे. आणि सलग जमीन इथे दरवर्षी तुटते आहे. समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत आला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. मुंबई-वडोदरा महामार्ग, बुलेट ट्रेन, कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांतली बांधकामे, गोदामांचे भराव. एका शिवारात चार जणांनी भराव टाकला की पाचव्याच्या शेताचे पाणी तुंबते, मग तोही विकतो. सात वर्षे यंत्र चालवायचे तर सात वर्षांनी त्या शिवारात भात असेल का, हा प्रश्न खरेदीआधी विचारायला हवा. शहापूर आणि मुरबाडच्या आतल्या भागात ही भीती थोडी कमी. भातसा कालव्याच्या पाण्यावर जिथे उन्हाळी भात होतो, तिथे त्याच यंत्राला दुसरा हंगामही मिळू शकतो. पण आपली बहुतेक मंडळी भिवंडी-पडघा-कल्याण पट्ट्यात.

आता पैशाच्या उभारणीकडे येऊ. कर्जाने घेतले तर हप्ता बारा महिने आणि कमाई वीस दिवस, हे गणित व्याज बाजूला ठेवले तरी बसत नाही. व्याज आपल्याला टाळायचेच आहे. चार-पाच घरांनी भागीत घ्यावे, नफा ठरलेल्या प्रमाणात आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात, आणि हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहावे. भावकीत तोंडी ठरवलेले व्यवहार कुठे जातात ते आम्ही सांगायला नको. जमातीचा बिनव्याजी कर्ज देणारा निधी असेल तर अनुदान येईपर्यंतची तूट त्यातून भागू शकते. भाडे एकरावर की दिवसावर ते आधी ठरवा. सुगीनंतर पैसे घ्यायचे तर रक्कमही आधीच ठरवा आणि उशीर झाला म्हणून वाढवू नका. यंत्र कमाईचे साधन असल्याने जकात यंत्राच्या किमतीवर नसून शिल्लक राहिलेल्या कमाईवर असते, असे उलेमा सर्वसाधारणपणे सांगतात. तरी आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावे.

अनुदानाचीही एक वाट आहे आणि त्यात लोक हमखास चुकतात. कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानात अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, तेही ठरलेल्या कमाल मर्यादेत. अवजार बँक किंवा भाडे केंद्रासाठी वेगळा घटक आहे, गटाने तो जरूर पाहावा. अर्ज महाडीबीटीवर. आधी पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल, मग तपासणी आणि शेवटी खात्यात पैसे. पूर्वसंमतीआधी यंत्र घरी आणले तर अनुदानाचा विषय तिथेच संपतो. आणि पैसे शेवटी येत असल्याने सुरुवातीला पूर्ण रक्कम हातात लागते. २०२५ पासून शेतकरी ओळखपत्र क्रमांकही लागतो, आणि तिथे आपली घरे अडकतात. सातबाऱ्यावर अजून दादाचे नाव, वारस नोंद नाही, एक भाऊ कौशाला, दुसरा कुवेतला, बहिणींचा हिस्सा कुणी लावलाच नाही. बहिणींचा हक्क शरीअतने दिलेला आहे, तो लावण्यासाठी अनुदानाची वाट पाहायची गरज नव्हती. पण निदान या निमित्ताने तलाठी कार्यालयाची पायरी चढा.

ज्यांना यंत्रसेवेत उतरायचेच आहे त्यांना आम्ही म्हणू, की पॉवर टिलर आधी पाहा. चिखलणी, भाजीची जमीन, ओढकाम, सगळे त्यावर होते. शहापूर-मुरबाडकडे भेंडीची शेती आहेच. वर्षात कामाचे दिवस कितीतरी जास्त. कापणीचे यंत्र आणि मळणी यंत्रही नोव्हेंबरात चालते. लावणी यंत्र एकटे घेतले तर अकरा महिने ते पडवीत ताडपत्रीखाली. आणि कर्जतजवळ नेरळला उभे राहिलेले सगुणा राईस तंत्र विसरू नका. त्यात गादीवाफ्यावर साच्याने टोकण करतात, चिखलणी आणि लावणी दोन्ही नाहीत. शेजारच्या चार शेतकऱ्यांनी ते धरले तर तुमच्या यंत्राचे तितके एकर गेले.

मजुरांबद्दलही एक शब्द. यंत्र आले की पाड्यावरच्या बायकांचे काम गेले, असे थेट म्हणता येत नाही, कारण मुळात माणसे पुरत नाहीत. पण चटई रोप तयार करणे, ट्रे वाहणे, कोपरे लावणे याला माणसे लागतातच. वर्षानुवर्षे आपल्या शेतात राबलेल्या घरांना ते काम आधी द्यावे आणि मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी.

एवढे करूनही ज्यांना यंत्र घ्यायचे आहे त्यांनी पाऊस येण्याच्या कितीतरी आधी वही घेऊन शिवारात फिरावे. कोणाचे किती एकर, खाचर किती मोठे, वाटेने टेम्पो जातो का, पेरणी कोणत्या तारखेला. सगळ्यांनी एकाच दिवशी चटई रोप टाकले तर विसाव्या दिवशी यंत्र एका शेतात आणि बाकीची रोपे वाढत बसलेली. तारखा तीन आठवड्यांत वाटून द्याव्या लागतात. जमले तर रोपही आपणच तयार करून द्यावे. १,५०० घेऊन १,००० खर्च आला तर ३० एकरांवर १५,००० सुटतात. वर पाहिले, तिथे तर दोन हजारांचा तोटा होता. हे काम घरच्या बायका अंगणात करू शकतात, आणि पहिल्या वर्षी यंत्र दुसऱ्या कुणाचे भाड्याने आणून फक्त रोपाचा भाग सांभाळला, तरी गावात एकर किती मिळतात ते लाखभर न गुंतवता कळेल.