हॉबीज : लिसनिंग टू म्युझिक

कॅम्पस इंटरव्ह्यूला कंपनीतर्फे गेलं की समोर रेझ्युमेंचा गठ्ठा येतो, आणि सगळे एकाच आईच्या पोटचे वाटतात. तोच टेंप्लेट, तेच 'क्विक लर्नर', तेच 'टीम प्लेयर', आणि सगळ्यात खाली 'हॉबीज : लिसनिंग टू म्युझिक'. बरं बाबा, टीम प्लेयर म्हणजे नक्की काय केलंस, असं विचारलं की पोरगं एकदम गप्प. मग हळूच, 'सर, फायनल इयर प्रोजेक्ट टीममध्ये केला.' चौघांच्या टीममध्ये एकाने कोड लिहिलेला असतो, एकाने रिपोर्टचं बाइंडिंग करून आणलेलं असतं आणि उरलेले दोघं ग्रुप फोटोत असतात. हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. आम्ही दोघंही सभ्यपणे पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

गेली दोन वर्षं हे काम करतोय, आणि माझं मत आता पक्कं झालंय. मुलं रिकामी नसतात. त्यांनी बरंच काही केलेलं असतं, फक्त ते मोजण्यासारखं आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या कसबा पेठेतलंच उदाहरण घ्या. पेठेत 'आयटीत असणं' म्हणजे फॅमिली डॉक्टर असण्यासारखं आहे, जिन्यात गाठून लोक तब्येत दाखवतात. तर एका काकूंनी मुलाचा रेझ्युमे माझ्या हातात ठेवला, 'बघ रे जरा, तुमच्या लाइनमधलं काय ते.' मुलगा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेला, आता फायनलला. वडिलांचं तांबट आळीजवळ भांड्यांचं छोटं दुकान. रेझ्युमेत शेवटी अर्थातच म्युझिक.

आता हा मुलगा चार वर्षं ढोल पथकात आहे, आणि नुसता वाजवत नाही. पथकाचा सगळा हिशोब त्याच्याकडे. किती ढोलांची पानं फुटली, नवी कुठून आणायची, टेम्पोवाल्याला किती द्यायचे, कोण सरावाला किती दिवस आलं आणि म्हणून मिरवणुकीत कुणाला घ्यायचं नाही (हे शेवटचं काम सगळ्यात वाईट, कारण ज्याला काढायचं तो बहुतेक वेळा शेजारच्या वाड्यातला असतो). 2024 च्या जुलैमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि नदीपात्र भरलं, तेव्हा याने रात्री दीड वाजता पोरांना फोन करकरून, दोन टेम्पो उभे करून नदीकाठच्या शेडमधले ढोल वर आणले. एकही भिजला नाही. हे त्याने मला चहा पिताना सहज, गंमत म्हणून सांगितलं. मी म्हटलं, अरे मग हे रेझ्युमेत का नाही?

'दादा, ते काय टेक्निकल नाहीये ना.'

प्रॉडक्शन बंद पडल्यावर मध्यरात्री उठून, न चिडता, योग्य माणसाला योग्य क्रमाने फोन करणारा माणूस मिळावा म्हणून आमच्या कंपन्या काय काय करतात, हे त्याला कोण सांगणार?

कॉलेजमध्ये 'ट्रेनिंग अँड प्लेसमेंट' असं एक खातं असतं. त्यात ट्रेनिंग म्हणजे अ‍ॅप्टिट्यूडची गणितं, ग्रुप डिस्कशन आणि टाय बांधणं. प्लेसमेंट सेलला मी नावं ठेवत नाही. मुलाला कंपनीच्या दारापर्यंत पोचवायची ती व्यवस्था आहे, आणि तेवढं काम ती करते. पण आपण तिलाच करिअर काउन्सेलिंग समजून बसलोय. तुला काय जमतं, कशाचा कंटाळा येतो, पाच वर्षांनी कुठल्या प्रकारची कटकट सहन करायची तुझी तयारी आहे, हे विचारणं तिच्या कामात बसतच नाही. कॉलेजने 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा फ्लेक्स लावला की संपलं. 2022 साली पास झालेल्या कित्येक मुलांना ऑफर लेटर हातात असूनही जॉइनिंगसाठी महिनोन्महिने ताटकळत बसावं लागलं. फ्लेक्सवर मात्र ती सगळी 'प्लेस्ड'च होती.

दुसरा मार्ग चाचण्यांचा. 2016 साली राज्य सरकारने दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली होती. हेतू चांगला होता, त्यात वाद नाही. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी आपल्या पुण्यात मानसशास्त्रीय चाचण्यांचं कामही वर्षानुवर्षं गंभीरपणे केलंय. माझी शंका वेगळी आहे. 'तुम्हाला लोकांकडून काम करून घ्यायला आवडतं का?' या प्रश्नावर पंधरा वर्षांच्या मुलाने काय टिक करायचं? त्याने अजून कुणाकडून काम करून घेतलेलंच नाही! आवड कागदावर तपासायच्या आधी ती कुठेतरी घडावी लागते, निदान एकदा चटका तरी बसावा लागतो.

आणि ती घडलीच नाही तर काय होतं, ते बघायला लांब जायला नको. सदाशिव पेठेत, नवी पेठेत चक्कर मारा. अभ्यासिकांच्या बाहेर चपलांचे ढीग, आत एमपीएससीची तयारी करणारी मुलं. मार्च 2021 मध्ये परीक्षा तोंडावर असताना पुढे ढकलली, तेव्हा ती रस्त्यावर आली, आणि त्यांचा राग रास्तच होता. यातल्या अनेकांना प्रशासनात खरंच जायचंय, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण माझ्या ओळखीतली जी चार-पाच मुलं इंजिनिअरिंग करून तिकडे वळली, त्यातल्या निम्म्यांना मी विचारलंय, का रे बाबा? उत्तर येतं, 'मग दुसरं काय करणार?' पदवी मिळून बाविसाव्या वर्षी 'दुसरं काय' हा प्रश्न पहिल्यांदा पडतो, ही माझ्या मते कॉलेजची नापासी आहे, मुलाची नाही.

आता नदीपलीकडे बघू. आमच्या कसब्यातून नवा पूल ओलांडून थोडं चाललं की सीओईपी. मी तिथला नाही, त्यामुळे मोकळेपणाने कौतुक करू शकतो. :) तिथल्या मुलांनी बनवलेला 'स्वयम्' हा जेमतेम किलोभराचा उपग्रह 22 जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 मधून अवकाशात गेला. बातम्या उपग्रहाच्या आल्या. मला त्यातलं जास्त आवडलं ते वेगळंच. ते काम अनेक वर्षं चाललं, आणि ज्यांनी सुरू केलं ती मुलं लाँचच्या आधीच पास होऊन निघून गेली होती. म्हणजे प्रत्येक बॅचने आपलं अर्धवट काम पुढच्या बॅचला समजावून दिलं असणार. हँडओव्हर! आयटीत ज्यांनी कुणाचा तरी दोन ओळींचा हँडओव्हर घेऊन सहा महिने डोकं फोडलंय, त्यांना याची किंमत कळेल. कुठल्याही विद्यापीठाच्या सिलॅबसमध्ये 'आपण नसताना काम चालू राहील असं काम करणे' हा पेपर नाही. तिथला बोट क्लबही 1928 पासूनचा आहे. वल्हं मारताना एकट्याने हुशारी दाखवली तर बोट वाकडी जाते, हे पाण्यात लगेच कळतं, ऑफिसात कळायला दोन अप्रेझल जातात.

पुरुषोत्तम करंडकाचं तर विचारूच नका. 1963 पासून चाललेली स्पर्धा, भरत नाट्य मंदिरातला तो आरडाओरडा. जब्बार पटेल, मोहन आगाशे दोघंही बी. जे. मेडिकलचे, डॉक्टरही झाले आणि नाटक-सिनेमातही नाव केलं, हे दाखले आपण नेहमी देतो. मला त्यांच्याइतकंच कौतुक आहे ते पुढे कधीच नाटक न केलेल्या हजारो मुलांचं. त्यातल्या एखाद्याला तालमीत कळतं की आपल्याला अभिनय येत नाही, पण वीस जणांना वेळेवर हजर करणं जमतं. एखादीला कळतं की आपण लिहिलेला संवाद दुसऱ्याने बदलला तरी आपण मरत नाही. कोड रिव्ह्यूत रडकुंडीला येणारे सीनियर लोक मी बघितलेत, त्यांना एक तालीम द्यायला हवी होती. आणि 2022 साली परीक्षकांनी एकाही संघाला मुख्य करंडक न देण्याचा निर्णय घेतला होता, आठवतं? केवढा गहजब झाला. निर्णय बरोबर की चूक यावर अजूनही कट्ट्यावर भांडणं होतील. पण 'हे पुरेसं चांगलं नाही' असं चारचौघांत ऐकून घेणं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तालमीला उभं राहणं, हे ग्रेस मार्कांच्या राज्यात दुसरीकडे कुठे शिकायला मिळतं?

गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाही) पुरुषोत्तमच्या तालमी, गणपतीचा सराव आणि कॅम्पस प्लेसमेंटचा सीझन, सगळं येतं जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान. म्हणजे जो मुलगा तीन वर्षं राबून चौथ्या वर्षी खरी जबाबदारी घेण्यालायक होतो, त्यालाच नेमकं त्या वेळी सांगितलं जातं, 'आता हे धंदे बंद कर आणि अ‍ॅप्टिट्यूड कर.'

यावर वरून आलेला उपाय म्हणजे पॉइंट्स. एआयसीटीईची इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी 100 अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट्सची योजना आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएस, खेळ, कला यांना क्रेडिट्स मिळतात. तत्त्व म्हणून मला पटतं, निदान 'हे धंदे' अधिकृत तरी झाले. पण आपण आपल्या लोकांना ओळखतो. एका रोपट्याभोवती तीस जण उभे राहून फोटो काढतात, तीस सर्टिफिकेटं निघतात, आणि रोपटं बिचारं दिवाळीपर्यंत वाळून जातं. पॉइंट हजेरीला मिळतात. ढोल वाचवल्याचे पॉइंट कोण देणार? आणि गंमत बघा, मुलांना जबाबदारी शिकवायची म्हणून एवढी धडपड, पण विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका राज्यात 1994 च्या कायद्यानंतर बंद झाल्या. 2016 च्या कायद्यात त्यांची पुन्हा तरतूद झाली, 2019 मध्ये व्हायच्या होत्या, त्या पुढे ढकलल्या गेल्या. असो, तो वेगळा लेख होईल.

मला जास्त टोचतं ते हे, की या सगळ्यात कोण येऊच शकत नाही. दौंडहून रोज रेल्वेने येणारा मुलगा तालमीला थांबला तर त्याची गाडी चुकते. मुलीला घरून साडेआठची वेळ दिलेली असते आणि तालीम रंगते साडेनवाला. सकाळी पार्टटाइम काम करून कॉलेजला येणाऱ्याला 'हौस' परवडत नाही. म्हणजे व्यक्तिमत्त्व विकास हासुद्धा ज्यांचं घर जवळ आणि बापाचा खिसा बरा त्यांचाच. पुण्याला याचं उत्तर माहीत नाही असं नाही. विद्यार्थी सहायक समिती 1955 पासून गावाकडून आलेल्या मुलामुलींना इथे राहायची-जेवायची सोय करून देतेय, विद्यापीठात 'कमवा आणि शिका' आहे. पण कॉलेजेस आपल्याच ऑडिटोरियमची वेळ दुपारची करत नाहीत, साधी गोष्ट.

पथकं-मंडळं म्हणजे फार पवित्र असंही माझं म्हणणं नाही. सीनियर लोक ज्युनियरना राबवतात, चहा आणायला पळवतात. चार-चार विषय राहिलेले 'कार्यकर्ते' मी आमच्याच चौकात रोज बघतो, त्यातले काही चाळिशीला आले तरी कुठल्यातरी भाऊंच्या मागे गाडीवर बसलेले आहेत. नुसतं राबणं म्हणजे शिकणं नाही. राबल्यावर कुणीतरी शांतपणे बसवून विचारावं लागतं, काय केलंस, कसं केलंस, परत करशील का. नेमकी हीच पायरी गायब आहे, आणि ती भरायला ना मंत्रालयाचा जीआर लागतो ना कॉलेजची बिल्डिंग.

काकूंच्या मुलाबरोबर मी एवढंच केलं. एक तास बसलो, प्रश्न विचारले. टेम्पोचं भांडण कसं मिटवलंस? हिशोब कशात ठेवतोस? (एक्सेलमध्ये, आणि त्यातला एक फॉर्म्युला मला येत नव्हता.) कुठलं काम दुसऱ्यावर ढकलावंसं वाटतं? तो म्हणाला, 'वाजवणं. आता वाजवायचा कंटाळा येतो, पण माल कुठे आहे हे माहीत नसलं की झोप येत नाही.' मग आम्ही सप्लाय चेन, ऑपरेशन्स, साइट रिलायबिलिटी असल्या नोकऱ्यांत दिवसभर नक्की काय करतात ते बोललो. असल्या नोकऱ्या असतात हे त्याला माहीतच नव्हतं. कोडिंगच्या टेस्ट तो देणारच आहे, द्यायलाच हव्यात, घरी पैसा लागतो. पण आता तो कंपनीला दोन प्रश्न उलटे विचारू शकेल.

तर वाचकहो, तुम्ही हिंजवडीत असा नाहीतर खराडीत, तुमच्या जुन्या कॉलेजच्या कला मंडळाचा किंवा पथकाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून तुमच्या फोनमध्ये म्यूट करून पडलेला असेल. तो अनम्यूट करा. गणपतीनंतरच्या किंवा करंडकानंतरच्या पहिल्या शनिवारी दुपारी तास-दोन तास द्या. दुपारीच, म्हणजे दौंडची गाडी चुकणार नाही. एका वेळी दोन-तीनच मुलं बोलवा, जास्त असली की कुणी खरं बोलत नाही. मोटिव्हेशनल भाषण अजिबात देऊ नका, स्लाइड्स तर नकोच. आणि चहाचे पैसे आपण द्यायचे.