आतून कडी

हनिमूनला कॅरिबियन बेटावर जायचं ठरवतोय, असं मी घरी सांगितलं तेव्हा पहिला वार काकांचा. "काहून रे बाप्पा, गोव्याचा समुद्र आटला काय?" दुसरा मावशीचा. "तेवढ्या पैशात सोनं किती येते, मालूम हाये काय तुले?" तिसरा इंजिनिअरिंगच्या मित्रांच्या ग्रुपवर, हसणाऱ्या इमोजींसकट: पगार दाखवून राह्यला.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे टोमण्यांना उत्तर म्हणून एक्सेल शीट बनवली. त्यात कळलं ते असं. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद इथे भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. हे वाचून जो आनंद होतो, तो पुढच्याच ओळीत जातो, कारण भारतातून तिथे थेट विमान नाही आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं म्हटलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. म्हणजे वर्ध्याहून मुंबईला मुलाखत द्यायला जा, तेही ज्या देशात राहायचंच नाही त्याच्यासाठी. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागल्यावर मुहूर्त निघतात, तोवर तिकडचं आभाळ निवळलेलं असतं. हा एक योग मात्र जुळत होता. जमैकाचं घड्याळ आपल्यामागे साडेदहा तास. रिसॉर्टच्या भाड्यात रम हवी तेवढी, आणि आम्ही दारूबंदीच्या जिल्ह्यातले. जाऊन-येऊन प्रवासाचेच जवळपास चार दिवस, हातात सात रात्री, दोघांचा खर्च आठ लाखांच्या वर.

ही शीट मी जिच्याशी लग्न ठरलंय तिला पाठवली. तिने सगळे कॉलम वाचले आणि एकच प्रश्न केला. "परत आल्यावर आपण झोपायचं कुठे?"

त्या प्रश्नाला माझ्या शीटमध्ये कॉलम नव्हता.

आमचं घर वर्धा शहरातलं. समोर हॉल, मागे दोन खोल्या, स्वयंपाकघर. एका खोलीत आई-बाबा. दुसरीत आजी आणि धाकटा भाऊ, तिथेच कपाट, गाद्यांची थप्पी आणि गव्हाची कोठी. मी हॉलमधल्या दिवाणावर. नोकरी पुण्याच्या कंपनीची असली तरी काम घरूनच करतो, तेही त्याच दिवाणावर बसून. लग्नानंतर आजी हॉलमध्ये येईल, भाऊ गच्चीवर किंवा जमिनीवर, आणि आम्हाला ती कोठीवाली खोली, असं घरात न बोलता ठरलेलं होतं. त्या खोलीला दार आहे. दाराला कडी बाहेरून आहे. आतून कधी कोणाला लागलीच नाही, म्हणून बसवलीच नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या पिढीच्या हनिमूनच्या वेडाला जे हसतात, त्यांना हे वेड कशाचं आहे तेच कळलेलं नाही. आणि आपण जे त्यासाठी पैसे मोजतो, त्या आपल्यालाही कळलेलं नाही. आपण समुद्राचे पैसे देत नाही. सात रात्री आतून लागणाऱ्या कडीचे पैसे देतो. तिथे दारावर कोणी थाप मारत नाही. सकाळी उशिरा उठलं तर कोणाला काही वाटत नाही. जोरात हसलं तर पलीकडच्या खोलीतला खोकला थांबत नाही. चौदा हजार किलोमीटरवर जाऊन आपण जे विकत घेतो, ते घरात असायला हवं होतं.

ही तक्रार माझ्या एकट्याच्या घराची नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 37 टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती, आणि आणखी सुमारे 32 टक्क्यांकडे दोन. 2012 मध्ये केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने शहरांमधल्या घरांची तूट मोजली. आकडा आला 1 कोटी 87 लाख 80 हजार. त्यात बेघर किती, मोडकळीला आलेल्या घरांत राहणारे किती? थोडे. जवळपास 1 कोटी 50 लाख, म्हणजे दर पाचांतली चार कुटुंबं, दाटीच्या घरांत राहणारी होती. आणि दाटी कशाला म्हणायचं, याची कसोटी होती लग्न झालेल्या जोडप्याला स्वतंत्र खोली आहे की नाही. म्हणजे ज्या गोष्टीचा उच्चार आपल्या घरात कोणी करत नाही, ती सरकारी अहवालात मोजून ठेवलेली आहे. नवरा-बायकोला खोली नसणं ही या देशात घर नसण्याच्याच खात्यात जमा होते.

गावाकडे काय वेगळं आहे? घरकुल योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसकट. साधारण 270 चौरस फूट. सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या कुटुंबाला ते मिळालं तर ती मोठीच गोष्ट, मी तिची टिंगल करत नाही. पण त्यात म्हातारे आई-बाप, मुलगा, सून आणि दोन लेकरं बसवून बघा. भिंत कुठे घालाल?

याची किंमत दोघांना सारखी पडत नाही. मुलगा त्याच घरात वाढलेला असतो, त्याला दिवाणही घर वाटतो. मुलगी परक्या घरात येते. कपडे बदलायला बाथरूम, रडायला बाथरूम, आईशी फोनवर बोलायला गच्ची, आणि सगळ्यांच्या आधी उठायचं कारण सगळ्यांसमोर झोपलेलं दिसायचं नाही. नवऱ्याला एखादी गोष्ट पटली नाही म्हणून सांगायचं असेल तर कुजबुजत सांगायचं. कुजबुजत भांडण होत नाही, फक्त सोसणं होतं. पहिल्या वर्षी ज्या गोष्टी बोलून मिटल्या असत्या त्या दहाव्या वर्षी वकिलासमोर निघतात. महाकाळीच्या धरणावर, बोर धरणाच्या रस्त्यावर संध्याकाळी मोटारसायकल लावून बसलेली जोडपी दिसली की आपण नाकं मुरडतो. त्यांतल्या कितीकांच्या गळ्यात मंगळसूत्र असतं, तेही एकदा बघा. घरात जागा असती तर ते तिथे डासांत बसले नसते.

आता पहिला आक्षेप, परंपरेचा. "आमच्या वेळी कुठं होतं हनिमून? लग्न झालं की शेगावले जाऊन आलो, झालं." खरं आहे. शेगावला, माहूरला, नाहीतर जवळ केळझरच्या गणपतीला. एका सुमोत अकरा माणसं, नवरा ड्रायव्हरशेजारी आणि नवरी मागच्या सीटवर दोन नणंदांच्या मध्ये. देवदर्शनाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याला जोडप्याचा प्रवास म्हणू नका. "तरी आम्हाला पोरं झालीच की," हे वाक्यही मी तीनदा ऐकलं. पोरं होणं म्हणजे जवळीक असणं, हा हिशोब कोणी शिकवला? मी आजीला विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "आमच्या टायमाले ढोरं बी त्याच वाड्यात अन् माणसं बी. अंधार हेच दार. तुह्या आजोबाची अन् माही दिवसाउजेडी नीट गोठ झाली ते पोरं मोठी झाल्यावर." तिच्या आवाजात अभिमान नव्हता. तिच्या नावाने परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिला एकदा विचारावं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. तू सेवाग्रामच्या शेजारचा, आणि आठ लाखांची चैन करतोस? 2006 मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात वर्धा होता. त्या जिल्ह्यात हा खर्च शोभतो का?

प्रश्न रास्त आहे. पण तो नेमका कोणत्या खर्चाला विचारला जातो, तेही बघू. माझ्याच लग्नात हजार माणसांचं जेवण आहे. मंडप, डीजे, घोडी, ड्रोनवाला, दोन्हीकडच्या आहेराच्या साड्या. शेतकरी बाप कर्जात जातो तो पोरीच्या लग्नासाठी, आणि त्या मंडपात जेवताना आपल्यापैकी कोणी म्हणत नाही की हे शोभत नाही. उलट भाजीत मीठ कमी होतं म्हणतो. साधेपणाची आठवण नेमकी तेव्हाच होते, जेव्हा खर्च फक्त दोघांसाठी असतो आणि त्यात बाकीच्यांना पंगत नसते. साधेपणा हवा असेल तर मंडपापासून सुरू करा, मी तयार आहे.

आणि सेवाग्रामचंच नाव काढलंत तर तिथली एक झोपडी दाखवतो. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले तेव्हा पहिल्या घरात, आदि निवासात, सगळेच एकत्र राहत. त्या गर्दीत कस्तुरबांची कुचंबणा व्हायची. म्हणून जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून घेतली. बा कुटी आजही तिथे उभी आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळे ती पाहून आलो, बाहेर चपला काढल्या आणि पुढच्या कुटीकडे गेलो. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या, अंगावरच्या कापडाचाही हिशोब ठेवणाऱ्या आश्रमातसुद्धा एका बाईला स्वतःची जागा लागते, हे मान्य झालं होतं. मातीच्या भिंतीची, कौलांची, पण स्वतःची. साधेपणा म्हणजे दार नसणं नव्हे.

तिसरी बाजू आपली. आपणही धुतल्या तांदळाचे नाही. बेट विकणाऱ्यांनी आपली ही भूक बरोबर ओळखली आणि तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या. टॉवेलचे हंस, समुद्रात टेबल मांडून जेवण, सूर्यास्ताला फोटोग्राफर. एकांतासाठी गेलेलं जोडपं तिथून दिवसाला वीस स्टोऱ्या टाकतं. ज्यांच्यापासून सुटायला गेलो, त्या काका-मावशीलाच तासातासाला हजेरी देतो. काही जण तर हे पॅकेज मुलीच्या बापाकडून घेतात. हुंडा म्हणत नाहीत, "सासऱ्यांचं गिफ्ट" म्हणतात. असा मुलगा बेटावर जावो नाहीतर चंद्रावर, तो बायकोच्या बापाच्या पैशावर झोपलेला असतो, एवढं त्याने लक्षात ठेवावं. काही जण हप्त्यांवर जातात. सात रात्री संपतात, हप्ते चोवीस महिने चालतात, आणि ते फेडायचे दिवाणावर झोपून.

त्या बेटांबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, जी कोणत्याच ब्रोशरमध्ये नव्हती. 30 मे 1845 ला कलकत्त्याहून निघालेलं फतेल रझाक नावाचं जहाज त्रिनिदादला लागलं. त्यात दोनशेवर हिंदी मजूर होते. 1917 पर्यंत असे 1 लाख 40 हजारांहून जास्त लोक त्या एका बेटावर गेले, उसाच्या मळ्यांत, गिरमिटावर. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे. आपली मराठी माणसं याच पद्धतीने मॉरिशसला गेली, जे आज आपल्याकडचं दुसरं लाडकं हनिमूनचं बेट आहे. त्रिनिदादच्या मळ्यांवर या मजुरांना बराकींत ठेवत. एकेका कुटुंबाला एकेक लहान खोली, आणि दोन खोल्यांमधली भिंत छतापर्यंत जायची नाही. शेजारच्या खोलीतला श्वासही ऐकू यायचा. गांधीजी ज्या गिरमिटाविरुद्ध लढले, त्याच्या अनेक जाचांतला हा एक. मळेवाल्यांनी भिंत वरपर्यंत नेली नाही, कारण मजुराला हात असतात एवढंच त्यांच्या हिशोबात होतं. त्याला संसार असतो हे नव्हतं.

आपल्या घरांतली भिंत वरपर्यंत का जात नाही? आपल्यावर तर कोणी मळेवाला नाही. पैसा कमी पडतो, हे अर्धं उत्तर. माझ्या घरात हनिमूनला आठ लाख निघत होते आणि मंडपाला त्याहून जास्त. उरलेलं अर्धं उत्तर हे, की सुनेला दार द्यायचं आपल्याला सुचतच नाही. सुचलं तर लाज वाटते. आणि दार दिलं तर पोरगा हातचा जाईल, ही भीती असते.

म्हणून मागणं तीन. घरकुलाचा नकाशा मंजूर करणाऱ्यांनी 25 मीटरांत एक आडवी भिंत आणि एक दार बंधनकारक करावं. तुमच्याच मोजणीत ती तूट धरलेली आहे. आई-बाबांनो, लग्नाच्या यादीत डीजेच्या वर एक ओळ घाला: खोली. आणि माझ्या वयाच्या मुलांनो, हे मागायचं काम मुलीवर टाकू नका. ती नवी आहे, तिने मागितलं तर "आल्या आल्या वेगळं व्हायचं बघते" असं होतं. आपण त्या घरातले आहोत, आपण तोंड उघडायचं.

मी उघडलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच मिस्त्रीला घेऊन आले. गच्चीवर दहा बाय बाराची खोली, संडास-बाथरूम आणि जिन्याला आडोसा, असं मिळून मिस्त्रीने जो आकडा सांगितला तो बेटाच्या निम्म्याहूनही कमी होता. पंगत हजाराची चारशेवर आली. काका अजून रुसलेले आहेत.

बेट आम्ही रद्द केलेलं नाही. पैसे साठले की जाऊ, स्वतःच्या पैशाने, आणि तेव्हा खरोखर समुद्र बघायला जाऊ. त्रिनिदादही बघायचं आहे. लग्नानंतर चार दिवस कुठेतरी जवळ जाऊन येणार आहोत, कुठे ते ग्रुपवर सांगणार नाही.

तुमचं लग्न ठरलं असेल तर तिकिटांचे दर बघण्याआधी एक काम करा. जी खोली तुम्हाला मिळणार आहे तिथे जा, दार लावा, आणि कडी कुठल्या बाजूला आहे ते बघा.