माणच्या ढगांचे गणित

पावसाळ्यात माण तालुक्याच्या आकाशात ढग नसतात असे नाही. ते येतात, दाटतात आणि दहिवडी-म्हसवडवरून पूर्वेला निघून जातात. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माणला जेमतेम पाचशेच्या आसपास. दुष्काळ पडला की कृत्रिम पावसाची मागणी जोर धरते. राज्याने 2003, 2015 आणि 2019 मध्ये तो करूनही पाहिला. आता संगणकावर ढगाचे सिम्युलेशन, म्हणजे गणिती नक्कल, करता येते. त्यावर किती विसंबायचे, हे ठरवायला हवे.

ढगातला थेंब साधारण 10 मायक्रॉन त्रिज्येचा असतो. असे दहा लाख थेंब एकत्र आले, तर पावसाचा एक मिलिमीटर त्रिज्येचा थेंब होतो. नुसत्या बाष्पावर थेंब एका मर्यादेपर्यंतच झपाट्याने वाढतो. पुढे थेंबावर थेंब आदळावा लागतो आणि तिथे हवेतले भोवरे कामाला येतात. धान्य उफणताना भूस वाऱ्याबरोबर जाते, दाणा जात नाही. तसाच बारीक थेंब हवेमागे फिरतो आणि मोठा थेंब भोवऱ्याबाहेर फेकला जातो. त्यामुळे कुठे थेंबांची दाटी होते, टकरी वाढतात. कृत्रिम पावसासाठी ढगात कॅल्शियम क्लोराईडसारखे क्षार फवारण्याचा हेतूही असे मोठे थेंब लवकर तयार व्हावेत हाच.

सिम्युलेशनची खरी ताकद अशी की, तोच ढग दोनदा चालवता येतो: एकदा फवारणीसह, एकदा फवारणीविना. आकाशात ही सोय नाही. फवारणीनंतर पाऊस पडला, तरी तो एरवीही पडला नसता कशावरून, हा प्रश्न उरतोच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत थेंब आणि भोवऱ्यांची अशी गणिते मांडली जातात. 2018 मध्ये तिथे ‘प्रत्यूष’ आणि 2024 मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक आले.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. ढगातले सर्वांत लहान भोवरे मिलिमीटरभराचे असतात. ते पकडायचे तर एका घनमीटर हवेसाठीच 100 कोटी बिंदूंवर हिशेब करावा लागतो आणि तेवढ्याच हवेत थेंब दहा कोटींच्या घरात असतात. एक घनकिलोमीटर ढग म्हणजे असे 100 कोटी घनमीटर. एवढे गणित महासंगणकालाही झेपत नाही. म्हणून मोठ्या ढगाच्या सिम्युलेशनमध्ये लहान भोवऱ्यांचा परिणाम अंदाजी सूत्रांनी धरतात. सूत्र चुकले, तर उत्तरही चुकते. पडद्यावरचे चित्र मात्र तितकेच देखणे दिसते.

म्हणूनच सोलापूरचा अनुभव मोलाचा आहे. माण नदी ज्या जिल्ह्यात भीमेला मिळते, तिथे पुण्याच्या याच संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये विमाने, रडार आणि पर्जन्यमापकांनिशी प्रयोग केला. कोणत्या ढगात फवारायचे, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते. फवारणीच्या ठिकाणापासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी 18 टक्के अधिक पाऊस नोंदला गेला. पण ही वाढ योग्य ढगांपुरती आहे. ढगच नसलेल्या दुष्काळात ती शून्यावर येते, आणि चारा-पाण्याची खरी ओढ तेव्हाच लागते.

तेव्हा निर्णय असा व्हावा. सिम्युलेशनवर खर्च जरूर करावा, कारण कोणता ढग फवारणीजोगा आहे आणि कोणता नाही, हे आधी कळले तर विमानाचा वायफळ खर्च वाचतो. मात्र संगणकाचा आकडा जमिनीवरच्या मोजणीशी ताडून पाहिल्याशिवाय एकाही तालुक्याला पावसाचे आश्वासन देऊ नये. माणसारख्या तालुक्यात गावोगावी पर्जन्यमापक बसवावेत आणि त्यांच्या नोंदी जनतेसाठी खुल्या कराव्यात. जलसंधारणाचा एकही रुपया कृत्रिम पावसाच्या कामाकडे वळवू नये. ढग हाती नसतात; पडलेले पाणी अडवणे मात्र आपल्या हाती आहे.