फेऱ्या अधिक, निदान उशिरा

स्त्रिया दुखणे अंगावर काढतात, असे आपण सहज म्हणून जातो. मणक्यांच्या दाहक संधिवाताबाबत हे अर्धेच सत्य आहे. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस व त्याच्या कुळातील विकारांसाठी स्त्रिया पुरुषांहून अधिक वेळा डॉक्टरांची पायरी चढतात, असे परदेशांतील अनेक पाहण्यांत आढळले आहे. तरीही रोगाचे नाव त्यांना उशिराच कळते. अशा पाहण्यांचा एकत्रित विचार करणाऱ्या 2017 सालच्या अभ्यासात निदानाचा विलंब पुरुषांबाबत सरासरी 6.5 वर्षे, तर स्त्रियांबाबत 8.8 वर्षे भरला.

याचे एक मूळ जुन्या पाठ्यपुस्तकांत आहे. हा रोग दहा पुरुषांमागे एखाद्या स्त्रीस होतो, असे त्यांत लिहिलेले असे. आज हे प्रमाण दोन-तीन पुरुषांमागे एक स्त्री असे मानतात. एक्स-रेवर खूण उमटण्यापूर्वीच्या अवस्थेत तर दोघे जवळजवळ बरोबरीने येतात. स्त्रियांच्या मणक्यांत एक्स-रेला दिसणारे बदल कमी होतात. मान, टाचा, थकवा अशा विखुरलेल्या तक्रारी पुढे येतात. मग बाळंतपण, कॅल्शियमची कमतरता, 'मनाला लावून घेणे' ही कारणे तयारच असतात!

मावळात याला आणखी एक पदर आहे. पवन मावळातील वा नाणे मावळातील बाई भर पावसात दिवसभर वाकून भातलावणी करते. तिची पाठ दुखली तर नवल ते काय, असे घरचे म्हणतात. डॉक्टरांनाही तसेच वाटते. वस्तुतः कामाने धरलेली पाठ विश्रांतीने सुटते. दाहक संधिवाताची पाठ उत्तररात्री झोपमोड करते, उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ ताठर राहते आणि हालचालीने मोकळी होते. 'पाणी भरून, झाडलोट करून झाली की बरं वाटतं' हे बाईचे वाक्य म्हणजे रोगाची खूण होय. ऐकणारा मात्र तोच ती धडधाकट असल्याचा पुरावा समजतो.

लोणावळ्यात 1924 पासून स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम उभे आहे. पाठीच्या व्यायामाचे महत्त्व या गावाला कोणी शिकवावयास नको, आणि या रोगात व्यायाम हा उपचाराचा आधारच आहे. तथापि तो निदानाची जागा घेऊ शकत नाही. एमआरआय वा संधिवाततज्ज्ञ यांसाठी बहुधा पुण्याची लोकल धरावी लागते. कमावता पुरुष वाकेनासा झाला की घर ती धरते. बाईसाठी बुडणारी मजुरी व घरची मुले आड येतात.

पुणे जिल्ह्यातच भिगवणला 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली होती. तेव्हा खेड्यात हे काम होत नाही, ही सबब चालणार नाही. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली पाठदुखी तीन महिने टिकली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील केसपेपरवर दोन प्रश्नांची उत्तरे नोंदलीच पाहिजेत: सकाळी पाठ किती वेळ ताठर असते, आणि हालचालीने बरे वाटते की विश्रांतीने? जिची उत्तरे संशयास्पद असतील, तिला वेदनाशामक गोळ्यांच्या आणखी एका पुडीवर बोळवू नये. पुण्याच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी द्यावी. ती चिठ्ठी लिहिण्यास नवा निधी लागत नाही.